तिगुन

"इक्बालभाई, इलेक्ट्रॉन बंद करा."

तांबोळींनी चहाचा पेला ओठांशी तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "बंद? ताई, आत्ता कुठं मशीन रांगेला लागलंय. अकराला कमिटी यायचीय."

"मिनिटभरच. पण बंद करा."

इक्बाल तांबोळी म्हणजे आमचं यंत्र चालवणारे मुख्य अभियंते. मूळचे बार्शीचे. बार्शीपुढच्या उघड्या माळावर आमचं केंद्र उभं राहिलं, त्याची पहिली वीट पडली तेव्हापासून ते तिथे होते. त्यांनी नाइलाजाने बटण दाबलं. एका पडद्यावरचा आकडा घसरत शून्यावर आला, इलेक्ट्रॉन थांबले. माझं लक्ष मात्र शेजारच्या पडद्यावर होतं. तिथे आदल्या दिवशी दुपारपासून एक बारीक, टोकदार सुळका उभा होता. त्या सुळक्याची आम्ही चार वर्षं वाट पाहिली होती. इलेक्ट्रॉन थांबले की तो खाली बसायलाच हवा होता.

तो जागचा हलला नाही.

"थांबलेत ना नक्की?" मी विचारलं.

"थांबलेत की. बघा तुम्हीच."

"मग हा कुणाच्या जिवावर उभा आहे?"

तांबोळींनी पेला खाली ठेवला. "आयला," ते पुटपुटले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या यंत्रात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळवत आणायचे आणि चुंबकांच्या एका लांब रांगेतून सोडायचे. रांगेत एक चुंबक इकडे ओढणारा, पुढचा तिकडे ओढणारा. त्यामुळे इलेक्ट्रॉन सापासारखे नागमोडी जातात आणि जाताना प्रकाश टाकतात. पण प्रत्येक जण आपल्या मर्जीने टाकत असेल तर तो प्रकाश अगदीच फिका. म्हणून पहिल्याच रांगेत त्यांच्यावर अवरक्त लेसर सोडायचा. त्याने काहींना पुढे रेटा बसतो, काही मागे खेचले जातात. मग चार चुंबकांचं एक वळण लागतं. त्या वळणात मागचे पुढच्यांना गाठतात आणि सगळ्यांच्या दाट ओळी तयार होतात. अशा ओळीने ते चुंबकांच्या दुसऱ्या रांगेत शिरले की एकदम, एका आवाजात प्रकाश देतात. आणि गंमत अशी, की ओळी पुरेशा रेखीव असतील तर लेसरच्या तिप्पट कंपनांचा प्रकाशही मिळतो. डोळ्यांना न दिसणारा, अतिनील. पुस्तकात त्याला तिसरा हार्मोनिक म्हणतात.

आमच्या गटप्रमुख डॉ. निर्मला शेंबेकर. त्या लहानपणी मिरजेला तबला शिकल्या होत्या. त्यांच्याकडे त्याला वेगळा शब्द होता. "लेसर संथ, ठाय लयीत वाजवतोय," त्या म्हणायच्या, "आपल्या इलेक्ट्रॉनांनी तिगुनीत, तिप्पट लयीत उत्तर द्यायचं. एवढंच मागणं आहे."

चार वर्षं लेसर वाजवत होता आणि इलेक्ट्रॉन गप्प होते. वरून विचारणा सुरू झाली होती. दुसऱ्या एका प्रकल्पाला जागा हवी होती, आणि आमची दुसरी रांग उतरवून ते दालन त्यांना द्यायचं असं जवळजवळ ठरलंच होतं. शेवटचा निर्णय घ्यायला तज्ज्ञांची कमिटी येणार होती. आणि ती येण्याच्या नेमक्या आदल्या दुपारी पडद्यावर तिगुनीच्या जागी हा सुळका उगवला. तांबोळींनी बार्शीहून पेढे मागवले. मॅडमनी संचालकांना फोन केला, संचालकांनी कमिटीच्या अध्यक्षांना. मी घरी जाऊन आईला फोनवर सांगितलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच नाचले.

सकाळी मात्र मनात एक कुसळ घेऊन उठले. काल आनंदाच्या भरात इलेक्ट्रॉन बंद करून बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आता मी लेसरसमोरचं झाकण पाडलं. सुळका तत्क्षणी गेला. झाकण उघडलं, आला. म्हणजे इलेक्ट्रॉनांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. लेसर नळीत शिरतो तिथे काचेची एक खिडकी आहे. लेसर फार तीव्र असला तर तसली काच स्वतःच थोडासा अतिनील प्रकाश तयार करते. आम्ही त्या काचेच्या उजेडाचे पेढे खाल्ले होते.

मी उठले तसे तांबोळी माझ्यामागे दारापर्यंत आले. आवाज खाली करून म्हणाले, "ताई, एक बोलू? कमिटी बघणार, सुळका बघणार, माना डोलावणार. इलेक्ट्रॉन बंद करा म्हणायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा यायचं नाही. आज दालन वाचू द्या. उद्यापासून आपण जिवाचं रान करू आणि खरा काढू."

ते काही लबाड माणूस नव्हते. दुसऱ्या रांगेतला एकेक चुंबक त्यांनी उभं राहून बसवून घेतला होता. ती रांग उतरवताना बघणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

"मॅडमना तर सांगू दे," मी म्हटलं.

शेंबेकर मॅडम त्यांच्या खोलीत होत्या. इरकली साडी नेसून आल्या होत्या, एरवी कधी नेसत नसत. फुलदाणीत कुणीतरी झेंडू आणून ठेवले होते.

"मॅडम, तो प्रकाश आपला नाही."

त्यांनी चष्मा काढला. "कुणाचा आहे?"

"लेसरचाच. आत शिरायच्या काचेतून येतोय. इलेक्ट्रॉन बंद केले तरी तो तसाच आहे."

"तू स्वतः पाहिलंस?"

"दोनदा."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर माळावर सकाळचा वारा सुटला होता आणि ध्वजाच्या खांबाची दोरी टकटक वाजत होती. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. मला वाटलं, त्या मला बसायला सांगतील, काहीतरी मार्ग काढू म्हणतील. त्यांनी फोन उचलला.

"सर, शेंबेकर बोलतेय. कालची बातमी मी मागे घेते... हो, पूर्ण मागे. चूक आमची आहे... नाही, कमिटीला मीच सांगीन, येतील तेव्हा." पलीकडून चढलेला आवाज मला खुर्चीमागे उभी असूनही ऐकू येत होता. मॅडमनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, "बरं सर," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, आता?"

"आता मी कमिटीकडे बघते. तू तुझं काम कर."

"कसलं काम? काही उरलंच नाही."

"असं कसं? तो प्रकाश आपला नाही म्हणालीस. मग तो आहे तरी कोण? घरात अनोळखी पाहुणा शिरलाय, त्याचं नाव-गाव विचारशील की नाही? किती आहे, का आहे, इतका का आहे. जा, विचार त्याला."

खरं सांगते, तेव्हा मला वाटलं त्या माझं मन रमवताहेत. रडक्या पोरीच्या हातात काहीतरी काम द्यावं तसं. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मी कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले आणि त्या नको असलेल्या सुळक्याची उंची मोजली. मग उलटं गणित मांडलं. एवढ्या जाडीची काच एवढा अतिनील प्रकाश द्यायची असेल, तर तिच्यातून जाणारा लेसर केवढा हवा?

उत्तर आलं ते बघून मी पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. लेसर आमच्या मीटरवर दिसत होता त्याच्या दुपटीहून जास्त असल्याशिवाय त्या काचेला हे जमणारं नव्हतं.

"इक्बालभाई, आपला लेसरचा मीटर कुठे बसवलाय?"

"तिसऱ्या आरशामागं. आरशातून जे जरासं पाझरतं ते मोजतो, त्याच्यावरनं सगळ्याचा हिशेब लावतो."

"आरसा कधी बदलला होता का?"

"मागं एकदा चरा पडला होता, तेव्हा. तुम्ही रुजू व्हायच्या आधी." बोलता बोलता ते थांबले. "नवा आरसा जास्त चांगला होता, ताई. लई चांगला."

म्हणजे कमी पाझरणारा. मीटर बिचारा जे दिसतं तेच सांगत होता.

आम्ही दोघं लेसरच्या खोलीकडे अक्षरशः पळालो. संरक्षक चष्मे चढवले, सुटा मीटर थेट लेसरच्या वाटेत धरला. आकडा दुपटीच्या वर जाऊन थांबला.

मी तिथेच स्टुलावर बसले. चार वर्षांचा सगळा इतिहास माझ्या डोळ्यांसमोर उलटा फिरला. प्रकाश येत नाही, म्हणजे रेटा कमी पडतोय, असं आम्ही धरून चाललो होतो. म्हणून लेसर थोडा वाढवायचा. तरी येत नाही, म्हणून वळणाच्या चुंबकांचा जोर वाढवायचा. पुन्हा लेसर. पण शाळेतली पोरं ओळीत उभी करायला हलकासा हात लावला तर पुरतं. दणकून ढकललं तर मागची पुढच्यांच्या पलीकडे जातात आणि ओळ मोडते. आमच्या इलेक्ट्रॉनांच्या ओळी रोज होत होत्या. होऊन, मोडून, मगच दुसऱ्या रांगेत शिरत होत्या. आणि दरवेळी आम्ही आणखी जोरात ढकलत होतो. काल लेसर इतका वाढला होता की शेवटी काचच उजळली.

"काय झालं ताई? बरं वाटत नाही का?"

"इक्बालभाई," मी म्हटलं, "आपण त्यांना कधी उभंच राहू दिलं नाही हो."

सभागृहाचं दार मी न वाजवताच उघडलं. मॅडमचं बोलून झालं होतं. टेबलाच्या टोकाला अध्यक्ष डॉ. देऊसकर बसले होते. उंच, काटकुळे, देशातल्या निम्म्या प्रयोगशाळा ज्यांना घाबरत ते गृहस्थ. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सदस्य.

"...तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, बाई," देऊसकर म्हणत होते. "पण नुसत्या आदरावर दालन अडवून ठेवता येत नाही."

"मान्य आहे," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

"सर, मी रेवती खानझोडे. मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या."

"कशाला?"

"लेसर निम्म्याहून कमी करून बघायचाय."

डावीकडचे सदस्य हसले. "म्हणजे उजेड पडत नाही, म्हणून वात बारीक करणार?"

देऊसकर हसले नाहीत. "का?" एवढंच विचारलं.

मी सांगितलं. काच, आरसा, मीटर, मोडणाऱ्या ओळी. फळ्यावर जाऊन आकृती काढली. घाईत ती वेडीवाकडी आली. अर्ध्यावरच मॅडम टेबलावर हात टेकून उठल्या होत्या, आणि माझं संपेस्तोवर त्या दाराशी पोचल्या होत्या.

देऊसकरांनी आकृतीकडे बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सारली. "चला. मी स्वतः बघणार. आणि चाचणी मी सांगेन ती करायची."

कंट्रोल रूममध्ये आम्ही लेसरच्या वाटेत तो मंद करणारी काच आणली. खोटा सुळका बघता बघता वितळला. पडद्यावर सपाट रेघ उरली.

"सोडा इलेक्ट्रॉन," मी म्हटलं.

इलेक्ट्रॉन आले. रेघ सपाटच राहिली.

उजवीकडच्या सदस्याने घड्याळ पाहिलं. "होतं ते पण गेलं," तांबोळी स्वतःशीच म्हणाले. मी आकडे पुन्हा वाचले. सगळे बरोबर होते. मग काय राहिलं?

"रेवती," मागून मॅडमचा आवाज आला, अगदी शांत. "काच घातलीस ना वाटेत? मग लेसर उशिरा पोचत असेल."

खरंच की! काचेतून जाताना लेसरला जरा जास्त वेळ लागणार. तो येईपर्यंत आमचे इलेक्ट्रॉन निघून जात होते. गाडी सुटल्यावर फलाटावर पोचावं तसं.

"इक्बालभाई, लेसर अलीकडे घ्या. हळू. मुंगीच्या पावलानं."

तांबोळींनी बटणावर अंगठा ठेवला. एक टिचकी. काही नाही. आणखी एक. रेघ सपाट. आणखी. तांबोळींचे ओठ हलत होते, दुआ म्हणत होते की यंत्राला काही सांगत होते कोण जाणे. मग रेघेच्या मधोमध काहीतरी थरथरलं. पुढच्या टिचकीला ते वर आलं. त्याच्या पुढच्या टिचकीला ते कालच्या सुळक्याच्या उंचीला गेलं, तिथून वर, आणखी वर, आणि पडद्याची वरची कड ओलांडून बाहेर निघून गेलं.

"मावेना!" तांबोळी ओरडले. "ताई, पडद्यात मावेना!"

मी मोजपट्टी बदलली. पुन्हा मावेना. पुन्हा बदलली, तेव्हा कुठे त्याचं टोक दिसलं.

"ओरडू नका," देऊसकर म्हणाले. "इलेक्ट्रॉन बंद."

बंद केले. सुळका खाड्कन पडला.

"सुरू." आला.

"लेसर बंद." पडला. "सुरू." आला.

दोघं असतील तरच तो होता. दोघांतला एक गेला की नव्हता. मॅडम माझ्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभ्या होत्या, मला ती खुर्ची हलताना जाणवत होती.

"आता इलेक्ट्रॉन निम्मे करा," देऊसकर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "थांबा. आधी तुम्ही सांगा. प्रकाश किती होईल?"

"पाव होईल, सर."

"निम्मा का नाही?"

"सुटे सुटे बोलत असते तर निम्मा झाला असता. हे एका आवाजात बोलताहेत. निम्मे गेले की चौथाईच उरेल."

"आणि नाही उरला तर?"

"तर हासुद्धा आपला नाही. मी स्वतः सांगेन."

तांबोळींनी इलेक्ट्रॉन निम्म्यावर आणले. सुळका खाली आला आणि स्थिरावला. देऊसकर खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले, आणि एवढी उपकरणं आजूबाजूला असताना त्यांनी चक्क बोटांनी उंची मोजली. आधीची, मग आताची. पुन्हा एकदा मोजली.

"पाव," ते म्हणाले.

मग वळले, आणि त्या काटकुळ्या, करड्या चेहऱ्यावर हसू असं पसरलं की मला वाटलं हा कुणी दुसराच माणूस आहे. "शेंबेकरबाई, अभिनंदन! पाव आहे!"

तांबोळींनी पुढे काय केलं ते कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. यंत्राचा बोगदा रिकामा करायच्या सूचना द्यायला जो ध्वनिक्षेपक असतो, तो उचलला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "तिगुन आली! शेंबेकर मॅडमची तिगुन आली! हातातलं काम ठेवा आणि या!"

वर्कशॉपमधून, कार्यालयातून, कँटीनमधून माणसं आली. कुणाच्या हाताला ग्रीस, कुणाच्या हाताला पीठ. "प्रकाश कुठाय?" सगळ्यांचा एकच प्रश्न. अतिनील तो, दिसणार कसा? शेवटी तो आम्ही आरशांवरून मोजणीच्या खोलीत वळवला, तिथले दिवे घालवले आणि त्याच्या वाटेत साधा पांढरा कागद धरला. कागदावर बोराएवढा निळा ठिपका पेटला. धडधडत होता नुसता, छातीत काहीतरी असावं तसा.

मॅडम दाराशी उभ्या राहून एकेकाला चष्मा देऊन आत सोडत होत्या. ज्यांनी चुंबक बसवले ते आधी, ज्यांनी तारा गुंडाळल्या ते नंतर. त्या स्वतः आत गेल्याच नव्हत्या.

देऊसकर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. आता ते माझ्याशी एकेरीत बोलत होते. "तुला एक सांगू? काल संध्याकाळी तुमच्या संचालकांचा फोन आला, तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं. दालन तुम्हालाच द्यायचं. आज आलो होतो तो नुसता चहा प्यायला."

मला ते समजायला क्षण लागला. "म्हणजे आम्ही काही बोललो नसतो तर..."

"तर दालन तुमचं झालं असतं. मी तो सुळका बघून मान डोलावून गेलो असतो." ते निळ्या उजेडाकडे बघत होते. "आणि त्या काचेच्या प्रकाशाचं गणित मग कुणी मांडलं असतं, सांग बरं?"

पलीकडे तांबोळी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली.

सगळे बघून गेल्यावर मॅडम आत आल्या. इरकलीचा पदर खोचून, चष्मा लावून त्या कागदाजवळ गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो निळा प्रकाश पडला होता. मी जवळ गेले, काहीतरी बोलावंसं वाटत होतं, आभार किंवा असंच काही.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता त्या रडणार.

"झकास," त्या म्हणाल्या. "मार्चला अजून वेळ आहे, रेवती. चल, आता पाचवा हार्मोनिक काढू."